आत्याने विचारलं, "पण हे लोक पाणी कुठनं भरतात?" : कल्पित जग उभारणाऱ्यांसाठी धागा

कागदी_भूगोल (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०.४०

मंडळी, नमस्कार. तीन-चार वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

अडीच वर्षांपासून मी एक अद्भुत कादंबरी लिहितोय. लिहितोय म्हणजे तिच्यासाठी जग तयार करतोय. दोनशे पानी वही आहे. तीत नकाशे, राजवंशाच्या चौदा पिढ्या, बावीस अक्षरांची लिपी, तीन धर्म, दोन चंद्र आणि जादूचे सात प्रकार. कादंबरीची प्रकरणं विचाराल तर तीन.

ती तीन प्रकरणं मी एका दिवाळी अंकाला पाठवली होती. त्यांनी साभार परत केली, कारण दिलं नाही. कारण मला काल कळलं, आणि तेही इंदुरात, रामबागेत, आत्याकडे.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. शाळेत मराठी शिकवायची. समोर सुपात मटाराच्या शेंगा घेऊन बसली होती, तरी म्हणाली, दे इकडे, वाचते. एक हात शेंगांत, एका हातात कागद. तासाभराने चष्मा काढला.

"छान लिहिलंयस. सात वेशींचं वर्णन तर फारच छान. पण का रे, हे लोक पाणी कुठनं भरतात?"

"नदी आहे नं आत्या."

"नदी तू खाली दरीत दाखवलीस. चारशे मीटर खाली. गाव वर पठारावर."

"मग... आणत असतील."

"कोण?"

मला उत्तर देता आलं नाही. पन्नास हजार वस्तीचं अश्मदुर्ग नावाचं नगर, चौदा पिढ्या त्यावर राज्य करून गेल्या आणि एकानेही घागर उचलली नाही.

मग आत्या नर्मदा यायच्या आधीच्या इंदूरचं सांगत बसली. तिचं लग्न ठरवताना आजोबांनी मुलाच्या पगाराआधी विचारलं होतं, वाड्यात विहीर आहे का आणि जेठात तिला पाणी असतं का. जेठात पाणी असणारं स्थळ म्हणजे चांगलं स्थळ. १९७८ साली नर्मदेचं पाणी शहरात आलं आणि हा प्रश्न विचारणं बंद झालं. माझ्या वहीतल्या चौदा पिढ्यांपेक्षा तिच्या या चार वाक्यांत जास्त जग होतं, हे मला तिथल्या तिथे कळलं आणि वाईटही वाटलं.

तर विचारायचं हे की तुम्ही कुठून सुरुवात करता? नकाशा, भाषा, माणसं, जादू? आणि थांबता कुठे?

---

गराडू | रविवार, रात्री ११.०५

भिया, आत्यांना माझा दंडवत सांगा.

व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवलेली प्रकरणं वाचली. माझी तक्रार पाण्याची नाही, जेवणाची आहे. तिन्ही प्रकरणांत लोक जेवायला बसतात आणि तिन्ही वेळा भाजलेलं मांस आणि मद्य. एकदा तर पहाटे. पठारावर काळी माती आहे असं तुम्हीच पहिल्या पानावर लिहिलंय. काळ्या मातीत गहू येतो, हरभरा येतो, ज्वारी येते. मग हे लोक रोज हरणाची तंगडी कुठून खातात? पठारावरची हरणं दोन महिन्यांत संपतील. ही खानावळ तुमच्या पठारावरची नाही, कुठल्या तरी थंड देशातल्या गोष्टीतून उचलून आणलेली आहे.

मी जग उभारत नाही, फक्त वाचतो. पण मला जग कळतं ते रात्री अकरा वाजता तिथे काय मिळतं यावरून. आपला सराफा घ्या. दिवसभर सोन्याचांदीची दुकानं. ती बंद झाली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, जिलबी आणि थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद. बाहेरगावच्या माणसाला एवढंच सांगा की या गावात सोन्याच्या बंद दुकानापुढे रात्री दोनला बायका-मुलं उभी राहून खातात. बाकीचं तो स्वतः जुळवतो. गावात पैसा आहे, भीती कमी आहे, लोक उशिरा झोपतात आणि चटोर आहेत. जुने लोक असंही सांगतात की गर्दी राहिली की दुकानांची राखण आपोआप होते, म्हणून सराफांनीच खाऊवाल्यांना बसू दिलं. खरंखोटं माहीत नाही. पण एकाच ओट्याचे दोन धंदे असले की जागा खरी वाटते. तुमच्या अश्मदुर्गात प्रत्येक जागेचा एकच उपयोग आहे. दरबारात दरबार, बाजारात बाजार.

अवांतर: गराडूवर जीरावण मसाला नसेल तर ते सुरण समजावं.

---

मोटेवरचा | सोमवार, सकाळी ६.२०

भाऊ, पाणीपुरवठ्याच्या कामात नोकरी गेली माझी. आत्याबाईंनी नेमकं बोट ठेवलंय. पहाटे जाग आली, तेव्हा आकडे मांडले.

आधी आपलं इंदूर. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. मंडलेश्वरजवळ जलूदला जिथून नर्मदा उचलतात तिथे ती दीडशेच्या आसपास. म्हणजे सत्तरेक किलोमीटर अंतर आणि निदान चारशे मीटर चढ. एक हजार लिटर पाणी चारशे मीटर वर न्यायला, काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी, १.१ युनिट वीज लागते. आणि वाया जातंच. शहराच्या प्रत्येक बादलीत विजेचं बिल असतं ते असं.

आता तुमचं अश्मदुर्ग. वीज नाही, बैल आहेत. वस्ती पन्नास हजार. माणशी वीस लिटर देऊ, म्हणजे अंघोळ एक दिवसाआड. रोजचं दहा लाख लिटर झालं. बैलाची सतत कामाची ताकद अर्धा हॉर्सपॉवर धरली तर हजार लिटर चारशे मीटर चढवायला एका बैलाला जवळजवळ तीन तास. बैल दिवसाला सहा तास काम करतो. हिशेब करा, पाचशे बैल. पण मोटेवर, म्हणजे बैलांनी ओढायच्या चामड्याच्या पाण्याच्या पिशवीवर, निम्मी मेहनत रिकामं मागे येण्यात जाते, म्हणून हजार धरा. कामाचा बैल दिवसाला सहा-सात किलो कडबा खातो. म्हणजे सहा-सात टन वैरण रोज, आणि ती पण कोणीतरी गाडीतून आणायची.

मुख्य गोष्ट पुढेच. एक मोट फार तर दहा-पंधरा मीटर पाणी उचलते. त्यापेक्षा खोल गेलं की नाड्याचंच, म्हणजे दोराचंच, वजन बैलाला भारी होतं. बारा मीटरचा एक टप्पा धरला तर चारशे मीटरला तेहतीस टप्पे. नदीपासून वेशीपर्यंत डोंगराच्या अंगावर तेहतीस थारोळी (मोट रिकामी करायची कुंडं), प्रत्येकाला धाव (बैलांची उतरती वाट), प्रत्येकावर तीसेक बैल आणि ते हाकणारी माणसं. ही माणसं तुमच्या कादंबरीत कुठेच नाहीत.

---

कागदी_भूगोल | सोमवार, दुपारी १.१५

@मोटेवरचा, साष्टांग नमस्कार. ऑफिसात बसून दोनदा वाचलं.

पण माझ्याकडे जादू आहे नं! सात प्रकारांपैकी तिसरा प्रकार म्हणजे जलसिद्धी. सिद्ध पुरुष मंत्राने पाणी वर चढवतात, असं एक वाक्य टाकलं की झालं?

---

शंकेखोर | सोमवार, दुपारी १.४०

नाही झालं.

दुसऱ्या प्रकरणात नायिका पहाटे घागर घेऊन पायऱ्या चढते, चंद्रप्रकाशात वगैरे. सिद्ध पुरुष पाणी चढवतात तर ही काय करतेय? आणि समजा चढवतात. किती जण आहेत? ते झोपतात का? एक आजारी पडला तर कुठल्या वेशीचं पाणी बंद होतं? ज्याच्या मंत्राने पन्नास हजार लोक पाणी पितात तो राजाला मुजरा कशाला करेल? तो स्वतः राजा असेल, किंवा राजाने त्याला कोंडून ठेवलेलं असेल. एका वाक्याने तुम्ही चौदा पिढ्यांचा राजवंश रद्द केलात.

जादूला माझी ना नाही. पण जादू आली की तिच्यामागे धंदा येतो, मक्तेदारी येते, चोरी येते आणि तिची भेसळ पण येते. तेवढं सगळं लिहायची तयारी असेल तर खुशाल आणा.

---

बडोदेकरीण | सोमवार, संध्याकाळी ७.३०

मी जरा वेगळं बोलणार आहे, रागावू नका.

पहिली गोष्ट, आमच्या बडोद्याला आजवा तलावाचं पाणी सयाजीरावांच्या काळापासून येतंय, त्यामुळे असले प्रश्न आम्हाला पडत नाहीत. :)

दुसरी गोष्ट गंभीर आहे. "आटपाट नगर होतं" एवढं म्हटलं की आजीच्या मांडीवर आम्ही गप्प बसायचो. त्या नगरात पाणी कुठून यायचं? किती बैल होते? कोणी विचारलं नाही आणि कोणाचं अडलं नाही. तुम्ही सगळे मिळून या मुलाला पाणीपुरवठ्याचा प्रकल्प अहवाल लिहायला लावताय. त्याला कादंबरी लिहायचीय. वाचक अद्भुतासाठी येतो, कडब्याच्या हिशेबासाठी नाही. मी तरी नाही येत.

---

गराडू | सोमवार, संध्याकाळी ७.५०

बडोदेकरीण ताईंना +१. पण मोटेवरच्या काकांना पण +१. मी इकडे शेव-परमल घेऊन बसलोय, चालू द्या.

---

तिसरी_घटका | सोमवार, रात्री ९.१०

मी विज्ञानकथा लिहिते, म्हणून आधी माझीच फजिती सांगते.

प्रॉक्सिमा सेंटॉरी या ताऱ्याभोवती एक ग्रह सापडल्याचं २०१६ साली जाहीर झालं. सूर्यानंतरचा आपल्याला सर्वांत जवळचा तारा हा, ४.२ प्रकाशवर्षांवर. ग्रहाचं वर्ष ११.२ दिवसांचं. ताऱ्याच्या इतका जवळ असल्याने त्याची एकच बाजू कायम उजेडात असावी, जसा आपल्याला चंद्राचा एकच चेहरा दिसतो तशी. मी तिथे वसाहत वसवली, उजेड आणि अंधाराच्या सीमेवर, कायमच्या संधिप्रकाशात. कथा लिहून झाली, मैत्रिणीला दिली. तिने दोन ठिकाणी लाल शाई केली.

पहिल्या ठिकाणी मी लिहिलं होतं, "दुसऱ्या दिवशी सकाळी". जिथे सूर्य हलत नाही तिथे सकाळ कशी होणार?

दुसऱ्या ठिकाणी, "सहा वर्षांची मुलगी". त्या ग्रहाची सहा वर्षं म्हणजे आपले सदुसष्ट दिवस. माझी नायिका दोन महिन्यांची असताना विमान चालवायला शिकत होती. तीस वर्षांचा आपला माणूस तिथे पावणेदहाशे वर्षांचा भरतो, म्हणजे तिथे वय वर्षांत कोणी मोजणारच नाही.

मग मी भाषेतच शिरले. सकाळ, संध्याकाळ, उद्या, तिन्हीसांजा, उगवत, मावळत हे सगळे शब्द बाद. दिशा दोनच उरल्या, उन्हाकडे आणि सावलीकडे. जमिनीलगतचा वारा गार बाजूकडून तापलेल्या बाजूकडे वाहणार, म्हणून सावलीकडे कोणी दार ठेवत नाही. "त्याच्या घराचं दार सावलीकडे होतं" एवढ्या एका वाक्यात तो माणूस गरीब किंवा विक्षिप्त आहे हे सांगता यायला लागलं. हा शोध मी लावलेला नाही, त्या न हलणाऱ्या सूर्याने लावून दिला.

वेळ मात्र मोजावी लागतेच, नाहीतर भाकरी करपते. तिथे मी घटिकापात्र आणलं. तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. पाणी हळूहळू आत चढतं, काठ पाण्याला टेकतो, वाटी एकदम गप्पकन बुडते. ती एक घटका, चोवीस मिनिटं. अशा साठ बुडल्या की अहोरात्र. आकाशाकडे बघायची गरजच नाही. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी आजोबांनी हे करून दाखवलं होतं. वाटी बुडताना जो बारीकसा आवाज होतो तो मी कथेत घातला. तेवढा एक परिच्छेद वाचून लोक म्हणतात, तुमचा ग्रह खरा वाटतो. गंमत म्हणजे तो परिच्छेद ग्रहाबद्दल नाहीच.

@कागदी_भूगोल, प्रकरण एक, पान चार: "अमावास्येनंतरच्या दुसऱ्या रात्री, मध्यरात्री डोक्यावर चंद्राची कोर". शक्य नाही हो. बीजेची कोर सूर्यामागोमाग मावळते, मध्यरात्री ती आकाशातच नसते. दोन चंद्र ठेवलेत तर दोघांचं वेगवेगळं पंचांग ठेवा, नाहीतर एक काढून टाका. उज्जैनला शाळेची सहल गेली की वेधशाळेत मी मुलांना हेच सांगते. आपल्या जुन्या ज्योतिषाने ज्या गावावरून शून्य रेखांश मोजला त्या गावापासून आपण दीड तासावर राहतो, चंद्र तरी नीट लिहू या.

---

नकाशेवाला | मंगळवार, सकाळी ११.००

वहीतला नकाशा बघितला. हातोटी छान आहे, पण नदी पठारावर दोन फाटे होऊन दोन समुद्रांना जाते आहे. नद्या एकमेकींना मिळतात. फुटतात त्या मुखाशी, त्रिभुज प्रदेशात. डोंगरावर फुटत नाहीत.

दोन समुद्रांची हौसच असेल तर नदी फोडू नका, पाऊस वाटा. महूजवळ जानापावच्या डोंगरात चंबळ उगम पावते. ती उत्तरेला यमुनेत, तिथून गंगेत, शेवटी बंगालच्या उपसागरात. आपली खान नदीही क्षिप्रेमार्गे त्याच वाटेची. आणि तिथून थोडं दक्षिणेला सरकलं की पडलेला थेंब नर्मदेतून अरबी समुद्रात. एकाच ढगाचं पाणी, मध्ये एक डोंगराची धार. त्या धारेवरच्या गावात दोन भावांची शेतं धारेच्या दोन बाजूंना असली तर त्यांचं भांडण मला बसल्या जागी ऐकू येतं.

आता मुख्य सांगायचं ते. बडोदेकरीण ताईंना अद्भुत हवंय, तर इंदुरात घडलेलं अद्भुत ऐका. पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबारच्या बोलावण्यावरून इथे आले होते. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरवरचा अहवाल छापून आला, अजूनही नगररचनेचे विद्यार्थी तो वाचतात. तेव्हा शहरात प्लेग होता. गेडिस हातात नकाशा घेऊन गल्लीबोळांतून हिंडायचे आणि लोक घाबरायचे. हा म्हातारा साहेब आला की घरं पडतात, प्लेग यानेच आणला, अशी बोलवा होती.

गेडिसनी काय केलं? दरबाराकडून एक दिवसाचं राजेपद मागून घेतलं. १९१७ च्या दिवाळीत मोठी मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की ती नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ, त्यांतून जाईल. लोकांनी घरं झाडली, उकिरडे उपसले, भिंती रंगवल्या, गाड्याच्या गाड्या कचरा बाहेर गेला. मिरवणुकीत हत्ती-घोडे, लक्ष्मी, रावणाच्या चालीवरचा घाणीचा राक्षस आणि एक अवाढव्य उंदीर, प्लेगचा. सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात माळा घालून. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले.

आता बघा, पिसवा आणि उंदीर यांवर भाषण दिलं असतं तर कोण ऐकणार होतं? त्यांनी एका दिवसाचं कल्पित जग रस्त्यावर उभं केलं आणि लोक त्यात राहायला आले. कारण त्यात नवीन एकच गोष्ट होती, उंदीर. बाकी सगळं, दिवाळी, लक्ष्मी, राक्षस जाळणं, मिरवणुकीचा मान आपल्या गल्लीला मिळावा ही हौस, लोकांच्या घरातलं होतं. तुमच्या वहीत, भाऊ, सगळंच नवीन आहे. तीन धर्म नवे, लिपी नवी, फळं नवी, शिव्यासुद्धा नव्या. वाचकाला पाय ठेवायला एक ओळखीची पायरी तरी ठेवा.

---

बडोदेकरीण | मंगळवार, दुपारी ३.००

उंदराची गोष्ट आवडली. पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत. गेडिससाहेबांनी कडबा मोजला नव्हता.

---

शंकेखोर | मंगळवार, दुपारी ३.२५

गाड्या मोजल्या असतील, कचऱ्याच्या. :)

ताई, आटपाट नगराबद्दल काल रात्रभर विचार केला. तिथे कोणी पाण्याचा हिशेब विचारत नाही हे खरं. पण खुलभर दुधाची कहाणी आठवा. राजाला शंकराचा गाभारा दुधाने भरायचा असतो. दवंडी पिटते, गावातलं सगळं दूध देवळात. सगळं दूध ओतलं तरी गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते, खुलभर दूध घालते आणि गाभारा भरतो. का? तर तिने आधी घरातल्या मुलाबाळांना दूध दिलं, वासरांना पाजलं, मग उरलेलं आणलं. राजाच्या हुकुमाने आलेल्या दुधामागे गावभर वासरं हंबरत होती, पोरं रडत होती.

म्हणजे कहाणी सांगणाऱ्या बाईने हिशेब केला होता! सगळं दूध देवळात गेलं तर वासरं काय पितील, हा प्रश्न तिला पडला आणि त्या प्रश्नावरच तिने चमत्कार उभा केला. आत्याबाईंच्या "कोण?" मध्ये आणि या वासरांत मला काही फरक दिसत नाही. शिवाय कहाणीतली जादू कधी फुकट नसते. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. वसा टाकला की गेलं वैभव. एवढा कडक नियम आमच्या धागाकर्त्याच्या सातही सिद्धींना मिळून नाही.

---

बडोदेकरीण | मंगळवार, दुपारी ४.१०

हं. वासरं विसरले होते मी. हे मान्य.

(कडबा अजून मान्य नाही.)

---

ग्वाल्हेरी_खडा | मंगळवार, रात्री ८.४५

आमच्या ग्वाल्हेरचा गडही उंचच आहे. पण गडावर तळी आहेत, सूरजकुंड वगैरे, म्हणून तो वेढ्यात टिकायचा. उंचावरच्या गावाला पाणी वरच साठवायचा हा साधा मार्ग आहे, पण मग कादंबरीतला मोटेवरच्यांचा जिना जाईल. तो घालवू नका.

आणि एक दंतकथा. आमच्या राजा मानसिंह तोमराने मृगनयनीला मागणी घातली तेव्हा तिने अट घातली म्हणतात, माझ्या राई गावचं पाणी मला महालात पाहिजे. म्हणून गडाच्या पायथ्याशी गुजरी महाल आणि गावाकडून पाणी आणायची सोय. पाण्याचा उगम सांगताना हिशेब सांगितला तर वाचक जांभई देईल. तेच पाणी कोणाच्या अटीत घातलं तर पान उलटेल.

नावांबद्दलही बोलायचंय. "झार्गोन", "क्विर्थ", "एल्थारियन". मराठीत लिहिताय नं? नावाला विभक्ती लावून बघा. "क्विर्थाने झार्गोनास एल्थारियनाच्या..." जिभेला गाठ बसते. जे नाव सामान्यरूपात टिकत नाही ते नाव त्या लोकांनी कधी उच्चारलेलंच नाही. शेकडो वर्षं बोललेलं नाव झिजतं. इंदूर म्हणतो, पण राहतो इंदुरात, ऊ आपोआप ऱ्हस्व होतो.

---

गराडू | मंगळवार, रात्री ९.००

आणि सगळे एकसारखी भाषा का बोलतात? आम्ही गच्चीला छत म्हणतो, पुण्याची मावसबहीण दर सुट्टीत हसते. पिढ्यानपिढ्या पुण्यापासून लांब राहिलं की एवढा फरक पडतो. तुमच्या तेहतीस टप्प्यांवर वरचे आणि खालचे एकमेकांच्या बोलण्याला हसत नसतील तर मी मानणार नाही.

---

मोटेवरचा | बुधवार, सकाळी ६.१५

गराडूंचं बरोबर आहे. आणि अजून एक. पाणी खालून वर येतं. म्हणजे पहिल्या थारोळ्यावरच्या माणसाला ते आधी दिसतं, वेशीतल्या राजाला शेवटी. चालू योजनेत मधल्या टप्प्यावरचा एक पंप बसला की वरचं सगळं शहर कोरडं. नोकरीत असे दिवस पाहिलेत. त्या दिवशी मोठ्या साहेबापेक्षा त्या पंपावरच्या फिटरला जास्त मान असतो. विचार करा.

---

कागदी_भूगोल | पुढचा रविवार, रात्री ११.३०

आठवडाभर गायब होतो. वही कपाटात ठेवली. एक चंद्र काढून टाकला. झार्गोन आता झारू झाला. सात सिद्धी गेल्या. राहिलं फक्त एक, आणि तेही जादू आहे की समजूत हे मी सांगणार नाही: एकविसाव्या थारोळ्यावरच्या बायका म्हणतात की पाणी ऐकतं, म्हणून तिथे कोणी पाण्याजवळ खोटं बोलत नाही.

नवीन पहिलं प्रकरण असं सुरू होतं:

"झारू सातव्याचा. म्हणजे सातव्या थारोळ्यावर जन्मलेला. बोलला की कळायचंच, कारण वरचे लोक 'पाणी आलं' म्हणतात आणि सातव्यापर्यंतचे म्हणतात 'पाणी गेलं'. त्याचं लग्न एकविसाव्याच्या केशीशी झालं तेव्हा दोन्हीकडचे रुसले. केशी पहिल्या दिवशी धावेवर उभी राहिली. बैल उताराला लागले, नाडा ताणला, चाक कुरकुरलं आणि मोट वर आली, काठोकाठ, गळत. सासूने सोंदूर, मोटेच्या तोंडाचा दोर, सैल सोडला. पाणी हौदात धो धो पडलं आणि लगेच पुढच्या पाटाने निघून गेलं. केशी बघत राहिली. 'यातलं आपलं किती?' तिने विचारलं. सासू म्हणाली, 'सांडेल तेवढं.' संध्याकाळी केशीने मोटेला सुईने एक भोक पाडलं."

आज आत्याला दाखवलं. मटार संपले, आता हरभरा सोलत होती. वाचलं, कागद खाली ठेवला, परत उचलला. मी वाट बघत होतो की आता बैल विचारणार, कडबा विचारणार. उत्तरं पाठ करून गेलो होतो.

म्हणाली, "पकडली का रे तिला?"

मी म्हटलं, अजून लिहिलं नाही.

"मग लिही नं. इथे काय बसलायस?"

---

बडोदेकरीण | रविवार, रात्री ११.४५

सुईने पाडलेलं भोक! आता मलाही वाट बघायला लावलीत. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

मोटेवरचा | सोमवार, सकाळी ६.०५

मोट थारोळ्यात रिकामी होते, हौदात नाही. आणि मोट चामड्याची असते, सुईने भोक पडणार नाही, आरी लागेल. केशीला आरी कुठून मिळाली तेवढं बघा.